दुसरी-तिसरीच्या पोरांना आधी पृथ्वीगोल की आधी सोलापूर?

बाळीवेसवाला
पोरगी दुसरीत आहे, शाळेनं यंदा भूगोलाचं वेगळं वर्कबुक लावलंय. सात खंड, पाच महासागर फाडफाड म्हणते, पण घरातून सिद्धेश्वर तलाव कुठल्या दिशेला विचारलं की गप्प. माझं मत सरळ आहे, चौथीपर्यंत जगाचा नकाशा वर्गात लावूच नका. आपल्या गावाचे रस्तेच बघा ना, तुळजापूर रोड उत्तरेला, हैदराबाद रोड पूर्वेला, विजापूर रोड दक्षिणेला आणि पुणे पश्चिमेकडं जरा वायव्येला, एवढं आयतं असताना दिशा शिकवायला अजून काय पायजे? तिसरीचं परिसर अभ्यास बालभारतीनं जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं ते काय उगाच?

रेल्वेलाइनचा_पप्पा
नाय पटलं. पोरांना लांबचंच आवडतं ओ. माझ्या पोराला पेंग्विन कुठं राहतो ते माहितीय, आपली गल्ली त्याला बोअर होते. जवळचं सोपं आणि लांबचं अवघड हे आपल्या मोठ्यांच्या डोक्यातलं. खोलीत अंधार करून ग्लोबवर टॉर्च मारा, दिवस-रात्र दोन मिनिटांत कळतं, ते तलावाच्या काठावर बसून कसं कळणार?

आणि दुसरं म्हणजे आपलं सोलापूर तरी नुसत्या सोलापूरवरून कुठं कळतंय. इथं थेंब नसताना आपलं उजनी धरण भरतं कसं हे पोरगं विचारणारच, कारण पेपरात रोज तेच असतं, दौंडचा विसर्ग इतका क्युसेक. पाणी आपलं नाहीच, भीमाशंकरकडून भीमा, वरून मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड, सगळा पुण्याकडचा पाऊस. महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पडतो, आपल्याकडं पाचशे-सहाशे, कारण अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. आता हे गावाचा नकाशा धरून सांगा बघू.

बाळीवेसवाला
पुणे जिल्हा दाखवायला ग्लोब लागतो होय? महाराष्ट्राचा नकाशा बास झाला, डावीकडं निळं दिसतं तोच अरबी समुद्र. उजनीचं म्हणाल तर पोरं रोज ऐकतात "धरण मायनसमध्ये गेलं", आणि निम्म्या आईबापांना वाटतं धरण कोरडं पडलं. एकूण 117 टीएमसीतलं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी) 63 च्या वर मृत साठाच आहे, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी; वरचं संपून फक्त त्यातलंच उरतं तेव्हा मायनस म्हणतात. हे शिकवा आधी, अंटार्क्टिका कुठं पळून जात नाय.

झेडपी_गुरुजी
दोघांचं वाचलं. भांडण नकाशा कुठला यावर चाललंय, आमच्या वर्गात अडतं ते नकाशा भिंतीला टांगला की. पोरांना वाटतं उत्तर म्हणजे वर, आभाळाकडं. म्हणून मी नकाशा फरशीवर अंथरतो, उत्तर उत्तरेला करून, मग पोरं त्याच्या भोवती उभी राहतात. दुसरं ते "उगवत्या सूर्याकडं तोंड केलं की पूर्व". अगदी बरोबर पूर्वेला सूर्य उगवतो फक्त 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास, जूनमध्ये तो आपल्याकडं जवळपास 25 अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्यापेक्षा मैदानात काठी रोवा. सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण घड्याळ चालतं 82.5 रेखांशाचं आणि आपण 76 च्या जवळ. ती सावली उत्तर दाखवते, फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उलटी दक्षिणेला पडते.

रेल्वेलाइनचा_पप्पा
बघा, रेखांश आला म्हणजे ग्लोब आलाच की सर 😄

झेडपी_गुरुजी
दुसरीत रेखांश काढत नाही हो मी. फक्त सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायला लावतो. का होतं ते सहावीत, भूगोल वेगळा विषय होतो तेव्हा.

होटगीरोडची_आई
गुरुजींचं सगळं खरं, पण आमच्या शाळेला मैदानच नाहीये, पार्किंग आहे. आणि पोरांना दुपारी साडेबाराला उन्हात काढलं तर ग्रुपवर पहिला मेसेज कुठल्या तरी पालकाचाच येणार, आपलं ऊन काय साधं आहे का. मला ग्लोबही चालतो आणि गावही चालतं, परीक्षेत पाठांतर मागू नका एवढंच.

बाळीवेसवाला
पार्किंगमध्ये काठी उभी राहत नाही काय? बादलीत वाळू भरून रोवा.

होटगीरोडची_आई
बादली ठेवली की वॉचमन उचलतो ओ 😂 गच्चीवर विचारून बघते.