मुलाची ड्युटीची रायफल आता घरी येते, ठेवायचे नियम नक्की काय आहेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते क्वचितच. आज खरंच मदत हवीये म्हणून धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा २५ वर्षांचा, दीड वर्षापूर्वी इथे कॅलिफोर्नियात शेरीफच्या खात्यात, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्यासारखा भाग) पोलिसात डेप्युटी म्हणून लागला, पेट्रोलवर म्हणजे गस्तीवर असतो. काउंटीचं नाव लिहीत नाही. राहतो आमच्याकडेच. आतापर्यंत फक्त कमरेचं पिस्तूल घरी यायचं, ते तो आल्या आल्या खोलीतल्या छोट्या तिजोरीत ठेवतो, त्याची मला सवय झाली होती. गेल्या महिन्यात त्याचा पेट्रोल रायफलचा कोर्स झाला, मग गाडी घरी आणायची परवानगी मिळाली आणि गाडीबरोबर रायफलही आली.

परवा सकाळी गराजमध्ये झाडू मारत होते तर तांदळाच्या पोत्याला टेकून एक काळी लांब बॅग उभी. मला वाटलं ह्यांचा ट्रायपॉड, म्हणून बाजूला करायला उचलली तर चांगलीच जड, चेन अर्धी उघडी, आत बघितलं तर रायफल आणि तिला मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, लावलेलंच. माझे हात कापायला लागले हो. हळूच परत टेकवली आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. हा पहाटे तीनला नाइट शिफ्ट करून आलेला, गाढ झोपेत. उठल्यावर विचारलं तर म्हणाला, आई चेंबर (गोळी झाडण्याआधी नळीत बसते ती जागा) रिकामा असतो, सेफ्टी म्हणजे चाप अडवणारी कळ लावलेली असते, ह्यालाच पेट्रोल रेडी म्हणतात, पॉलिसीच तशी आहे. पोरगा खोटं बोलणारा नाही, दमलेला होता हेही खरं. पण दिवाळीला मुलगी येतेय, तिची पोरं ७ आणि ४ वर्षांची, आल्या आल्या दोघं सायकली काढायला गराजमध्येच पळतात.

माझे वडील महाराष्ट्र पोलिसात हवालदार होते. थ्री नॉट थ्री घेऊन बंदोबस्ताला जायचे पण ती रायफल आम्ही भावंडांनी घरात कधी बघितली नाही. ड्युटी संपली की शस्त्रागारात जमा, काडतुसं मोजून परत, रजिस्टरवर सही, मगच घर. एखादं काडतूस कमी भरलं की बाबांना यायला मध्यरात्र व्हायची आणि आई दारातच बसलेली असायची. त्यामुळे सरकारी रायफल घरात हे माझ्या मनाला पटतच नाहीये.

रायफल लागते हे मला मान्य आहे, उगाच वाद नको. २८ फेब्रुवारी १९९७ ला नॉर्थ हॉलिवूडला बँक लुटणारे दोघं अंगभर चिलखत घालून ऑटोमॅटिक रायफली चालवत होते, पोलिसांकडे पिस्तुलं आणि शॉटगन, गोळ्या लागून उपयोग होईना, शेवटी पोलिसांना जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. त्यानंतर साध्या पेट्रोलवाल्यांनाही रायफल द्यायचं प्रमाण खूप वाढलं. माझ्या मुलावर तशी वेळ आली तर त्याच्या हातात ती असावी असंच मला वाटतं. मला प्रश्न पडलाय तो ड्युटी संपल्यापासून पुढची ड्युटी सुरू होईपर्यंतच्या तासांचा.

तर, पेट्रोल रेडी अवस्थेत ती घरात ठेवायची असते का? रात्री गाडीच्या डिकीत बरी की घरात? आमच्या मंडळाचं दिवाळी संमेलन एका हायस्कूलच्या हॉलमध्ये असतं, हा ड्युटीवरून परस्पर तिकडे आला तर डिकीतल्या रायफलचं काय? आणि त्याच्या साहेबांकडे न जाता, त्याला कमीपणा न वाटता मी हे कसं मांडू? ह्यांचं म्हणणं, त्याला प्रोफेशनल ट्रेनिंग आहे, तू मध्ये पडू नकोस. पण घर माझंही आहे ना.

प्रतिसाद १

ताई, आधी शांत व्हा, तुम्ही विचारताय ते अगदी योग्य आहे. माझे मिस्टर इथेच एका शहराच्या पोलिसात आहेत, आमची दोन पोरं ह्याच घरात लहानाची मोठी झाली.

पॉलिसी तुम्ही स्वतः वाचू शकता, मुलाला विचारायचीही गरज नाही. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियातल्या पोलीस आणि शेरीफ खात्यांना आपल्या पॉलिसी वेबसाइटवर टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात पेट्रोल रायफलचं प्रकरण वेगळं असतं आणि फायरआर्म्सचं वेगळं, दोन्ही वाचा. पेट्रोल रेडी म्हणजे चेंबर रिकामा, सेफ्टी लावलेली, भरलेलं मॅगझिन जागेवर, हे मुलाने बरोबर सांगितलं. पण ती अवस्था फील्डसाठी आहे हो, गाडीतल्या रॅकमधून काढून पटकन वापरता यावी म्हणून. घरासाठी फायरआर्म्सच्या प्रकरणात बहुतेक खात्यांचं वाक्य असतं की घरात, गाडीत, कुठेही शस्त्र आणि काडतुसं कुलपात हवीत, मुलांच्या आणि इतरांच्या हाताला लागता कामा नयेत. पुष्कळ ठिकाणी तर शिफ्ट संपली की रायफल स्टेशनच्या शस्त्रागारात जमा करा असंच आहे, तुमच्या वडिलांसारखं. गाडी घरी नेणाऱ्यांना वेगळी सूट आहे का ते त्यातच कळेल.

आणि चेंबर रिकामा म्हणजे रायफल रिकामी नव्हे. मॅगझिन आत असेल तर वरचा हँडल एकदा मागे ओढून सोडला की गोळी चेंबरमध्ये. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग हँडल ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि बोटानेही चाचपायचा. क्रम उलटा झाला तर रिकामी करता करताच भरली जाते. आमच्याकडे त्यानंतर चेंबरमध्ये केशरी प्लॅस्टिकची पट्टी घालून ठेवतात, लांबूनच दिसते.

प्रतिसाद २

काकू, कायद्याच्या बाजूचं थोडं सांगतो. लहान मुलाच्या हाती बंदूक लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा, हा कायदा इथे आहे, पण पोलिसाच्या कामाच्या ओघात तसं झालं तर त्याला त्यातून सूट आहे. गाडीत कोणी नसताना पिस्तूल कुलपाशिवाय ठेवायचं नाही हा नियम २०१७ पासून पोलिसांनाही लागू आहे, तातडीच्या कारवाईची वेळ सोडून. २०१५ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, रेंजरच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं आणि काही दिवसांतच त्याच्या गोळीने पिअरवर (समुद्रातल्या धक्क्यावर) फिरणारी एक तरुणी गेली, त्यानंतर हा नियम आला. पण तो पिस्तुलापुरता आहे, रायफलचं नाव त्यात नाही. तेव्हा तुमच्या गराजमधल्या रायफलसाठी खात्याची पॉलिसी आणि घरातली शिस्त दोन्ही बघा. डिकीत रात्रभर नको, गाड्या फुटतात, आणि पोलिसाची गाडी तर लांबूनच ओळखू येते.

शाळेचं म्हणाल तर फेडरल कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या हद्दीत बंदूक बाळगायला बंदी आहे. पोलिसाला सूट आहे ती अधिकृत कामावर असताना. दुसरी सूट आहे ती रिकामी करून, गाडीत कुलूपबंद पेटीत किंवा कुलपाच्या रॅकमध्ये असेल तर. फराळाला येणं हे काही अधिकृत काम नाही, तेव्हा रायफल आधी घरी ठेवून मग हॉलवर यावं हे उत्तम.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पॉलिसी खरंच वेबसाइटवर सापडली. प्रिंट काढली, पण त्याच्या हातात दिली नाही. रविवारी पोहे खाताना म्हटलं, मला ह्यातलं कळत नाही, तू वाचून समजावून सांग. घराच्या परिच्छेदाशी आला आणि गप्प झाला. मग म्हणाला, आई, त्या रात्री चुकलंच माझं. त्यानंतर स्वतःच गराजमध्ये गेला, मॅगझिन काढलं, चेंबर बघितला आणि मला लांबूनच दाखवलं, हात लावू दिला नाही, कारण परवानगी नसलेल्या कोणी हाताळायची नाही हेही त्याच पानावर आहे. उद्या सार्जंटला स्वतःहून विचारणार आहे की सुट्टीच्या दिवसांत रायफल स्टेशनला जमा करता येईल का.

तोवर उभं स्टीलचं कपाट घ्यायचं ठरलंय, काडतुसांना वेगळा खण, आकडा फक्त त्यालाच माहीत. आता एकच विचारायचंय, आमच्या गराजच्या भिंती लाकडी फ्रेमच्या आहेत आणि जमीन काँक्रीटची. कपाट भिंतीतल्या स्टडला (आतल्या उभ्या लाकडी खांबाला) आवळायचं की खाली जमिनीला बोल्ट मारायचे? कोणी बसवलंय का? दिवाळीला तीन आठवडे आहेत.