मदत हवी आहे: याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएनचा रेंजफाइंडर अनंतावर जुळत नाही

जळगावहून विचारतोय. कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, ४५ मिमी एफ/१.७ ची लेन्स. फोकस रिंग अनंतावर (सर्वात लांबच्या अंतरावर) नेली, तरी रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायच्या खिडकीत, लांबच्या टॉवरच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत. फरक फक्त आडवा आहे, उभ्या दिशेने बरोबर जुळतात. यावलकडून सातपुड्याच्या कड्यावर धरून पाहिलं, तिथेही तेच.

शटर बी वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ती सेटिंग) उघडं ठेवून, मागे फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून पाहिलं. अनंतावर तोच टॉवर तिथे अगदी रेखीव दिसतो. म्हणजे लेन्स जागेवर आहे, चूक रेंजफाइंडरचीच, असं मी धरतोय. टेपने मोजून १ मीटरवरही तपासलं, तिथेही थोडी चूक आहेच. रावेरच्या केळीच्या बागेत काढलेल्या रोलमध्ये एफ/८ चे (लेन्सचं छिद्र लहान ठेवून काढलेले) फोटो छान आले, एफ/१.७ चे (छिद्र पूर्ण उघडून काढलेले) सगळे मऊ.

बॅटरीचा प्रश्न नाही. मूळ ५.६ व्होल्टची पारा बॅटरी आता मिळत नाही, म्हणून अडॅप्टरमध्ये ६ व्होल्टची घातली आहे. दिवे आणि शटर नीट चालतात. पिवळट डाग काचेवर नाहीत, बुरशीही नाही.

इथे फिल्म कॅमेरा उघडणारं कोणी उरलं नाही, आणि मुंबईला कुरिअर करायचा धीर होत नाही, धक्क्याने आणखी हलेल. बारीक स्क्रूड्रायव्हर आहेत, हातही स्थिर आहे. पण वरचं झाकण आजवर कधी काढलेलं नाही, आतल्या तारा तुटायची भीती वाटते.

ज्यांनी हाच कॅमेरा स्वतः जुळवला आहे त्यांनी सांगा: आडव्या जुळणीचा स्क्रू नेमका कुठे असतो, आणि झाकण न काढता तिथवर पोचता येतं का? अनंत जुळवल्यावर १ मीटरची चूक आपोआप जाते, की ती वेगळी जुळवावी लागते?