वकिलाविना घेतलेला जबाब: शिक्षा रद्द होते का?

ऋतुजा: युरोपीय मानवाधिकार न्यायालयावर टिपण लिहितेय. पोलिसांनी वकील न देता जबाब घेतला, तर शिक्षा आपोआप रद्द?

जुना वकील: छे! स्ट्रासबर्गचं हे न्यायालय शिक्षा रद्द करतच नाही. युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम ६ चा, म्हणजे न्याय्य खटल्याच्या हक्काचा, भंग झाला का, एवढंच ठरवतं. २००८ चा सालदूझ विरुद्ध तुर्की वाच. १७ वर्षांचा पोरगा, कोठडीत वकील नाही, कबुली दिली. पुढे ती नाकारली, तरी तिच्याच जोरावर दोषी. भंग, तोही एकमताने.

सायली: २०१६ चा इब्राहिम विरुद्ध ब्रिटन हा निकाल सोडू नकोस. वकिलाला उशीर झाला तरी एकूण खटला न्याय्य होता का, हे बघून चौघा अर्जदारांपैकी तिघांचं म्हणणं फेटाळलं. मला विचारशील तर ही पळवाटच.

ऋतुजा: मग फेरखटला?

जुना वकील: ते त्या-त्या देशाच्या कायद्यावर.