सरकारी दवाखान्यातला केसपेपर आता संगणकावर गेलाच पाहिजे

गोदाकाठ:
सुरगाण्या-पेठहून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या माणसाच्या हातात काय असतं? घडीवर फाटलेली चिठ्ठी. इंजेक्शन कोणतं दिलं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती होतं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कशाचाच पत्ता लागत नाही. मग रक्त पुन्हा काढा, सोनोग्राफी पुन्हा करा. नातेवाइकांची मजुरी बुडते ती वेगळीच. रुग्णांच्या नोंदी संगणकावर जोडणारं केंद्र सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातल्या १४ अंकी आभा क्रमांकावरून (रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक), रुग्णाची संमती असेल तर, जुने रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला बघता येतात. मग आपण अजून कागदावरच का अडलोय?

घाटातली सिस्टर:
माझा साफ विरोध. एका गरोदर बाईची तपासणी झाली की ती रजिस्टरात लिहायची, माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर भरायची, महिनाअखेर एचएमआयएसच्या (सरकारी दवाखान्यांच्या मासिक अहवालाच्या) आकड्यांत पुन्हा धरायची. बाळ झालं की लसीकरणाचं यू-विन पोर्टल. रेंज गेली तर रात्री घरी बसून भरायचं. हिमोग्लोबिन जेमतेम सात आलेल्या बाईला समजावायला वेळ कुठून आणू? माहिती सगळी वर जाते, वरून खाली काही येत नाही.

कॉलेजरोडचा डॉक्टर:
सिस्टर, तुमची तक्रार रास्त आहे, पण ती फॉर्मांबद्दल आहे. क्षयाच्या रुग्णाला रिफाम्पिसिन हे औषध लिहिलं की गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, हे माझं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे सांगतं. भरलेल्या ओपीडीत ते दरवेळी आठवेलच असं नाही. मात्र बारीकसारीक सूचनांचा मारा झाला की डॉक्टर न वाचताच ओके दाबतात. म्हणून सूचना मोजक्याच हव्यात.

दिंडोरीकर:
मला तर स्क्रीनवरचा डॉक्टर म्हणजे रिकाम्या पदांवर टाकलेलं पांघरूण वाटतं. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, गजकर्ण दिसेल हो, पण पोट दाबून कोण बघणार? शहरातल्यांना हाताने तपासणारा डॉक्टर आणि आमच्या आदिवासी पाड्यांना व्हिडिओ, हे मला पटत नाही.

गोदाकाठ:
पोटाबाबत सहमत, आणि पदं भरलीच पाहिजेत. पण छातीत दुखणारा माणूस घ्या. ग्रामीण रुग्णालयातला ईसीजी हृदयरोगतज्ज्ञाने लगेच पाहिला आणि हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडल्याचं दिसलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं. जितकं लवकर द्याल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. १२ तास उलटले की सहसा उपयोग होत नाही. घाट पार करून नाशिकला पोहोचेपर्यंत त्याला तसाच ठेवायचा का?

घाटातली सिस्टर:
ईसीजीला कोण नाही म्हणतंय? तो तर हवाच. माझं मागणं एवढंच आहे: ज्या दिवशी पोर्टल सुरू कराल त्याच दिवशी रजिस्टर बंद केल्याचा लेखी आदेश काढा. रेंज नसताना चालेल असं अ‍ॅप द्या. आणि बाईचा नंबर टाकला की मागच्या बाळंतपणात तिला झटके आले होते, हे मला पहिल्याच ओळीत दिसू द्या. एवढं करणार असाल तर मी उद्यापासून भरते.