दीर्घकालीन आजार असताना परवडणारा आरोग्य विमा : निवड नेमकी कशाच्या आधारे करावी?

रानजाई

नमस्कार. मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. औषधांनी तो आटोक्यात आहे आणि रोजची कामे मी करू शकते. परंतु ठरावीक काळाने होणाऱ्या रक्ततपासण्या, कायमच्या गोळ्या आणि आता डॉक्टर सुचवत असलेले बायॉलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेले) इंजेक्शन हा खर्च जन्मभराचा आहे. आजवर कंपनीच्या समूह विम्यात असल्यामुळे आजाराबद्दल कोणी विचारले नाही. येत्या काही महिन्यांत ती नोकरी मी सोडणार आहे, म्हणून स्वतःसाठी वैयक्तिक पॉलिसी शोधायला सुरुवात केली.

एका कंपनीने थेट नकार कळवला. दुसरी तयार आहे, पण हप्ता निरोगी माणसाच्या दीडपट आणि आमवातासाठी तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे तोवर या आजाराचा खर्च कंपनी देणार नाही. तिसरीचा हप्ता साधारण आहे आणि तिला प्रतीक्षा कालावधीही नाही, मात्र प्रत्येक बिलातला ३० टक्के वाटा मी भरायचा. एका एजंटाने तर आजार आटोक्यात असल्यामुळे फॉर्ममध्ये त्याचा उल्लेखच करू नका, असा सल्ला दिला, आणि तो मला पटलेला नाही. पतीच्या नोकरीमुळे पुढे देश बदलण्याचीही शक्यता आहे, त्यामुळे एखाद्या कंपनीचे नाव सुचवण्यापेक्षा अशा प्रस्तावांची तुलना कशी करावी, हे जाणकारांनी सांगितले तर बरे होईल. ज्यांना विम्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यासाठीच तो सर्वाधिक महाग का, हा प्रश्नही मनातून जात नाही.

औदुंबर

रानजाई, मी विमा प्रस्तावांच्या छाननीचे काम केले आहे, म्हणून कंपनीकडे हिशेब कसा मांडला जातो ते आधी सांगतो. आमवाताचा प्रस्ताव आला की छाननी करणारा केवळ आजाराचे नाव पाहून थांबत नाही. आजार किती जुना आहे, स्टेरॉइड चालू आहेत का, फुप्फुसांवर किंवा डोळ्यांवर परिणाम झाला आहे का, सांधा बदलण्याची वेळ येण्याची शक्यता किती, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे पूर्वी गंभीर संसर्ग झाला होता का, हे सारे तो तपासतो. या प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचे, याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. त्यामुळे एकीने नाकारलेला प्रस्ताव दुसरी दीडपट हप्त्यावर स्वीकारते. तुमच्या डॉक्टरांकडून आजाराची सुरुवात, सध्याची औषधे, अलीकडचे अहवाल आणि गेल्या काही वर्षांतील स्थैर्य स्पष्ट सांगणारे पत्र घ्या आणि ते प्रस्तावासोबत जोडा. माहिती अपुरी असेल तर छाननी करणारा नेहमी वाईटातली वाईट शक्यता धरतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘यापूर्वी आपला विमा प्रस्ताव कोणत्याही कंपनीने नाकारला आहे का?’ हा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये असतो. म्हणून एकाच वेळी सात-आठ ठिकाणी अर्ज टाकू नयेत. आधी तोंडी किंवा ईमेलने अंदाज घ्यावा आणि जिथे शक्यता दिसेल तिथेच रीतसर अर्ज करावा. मिळालेला नकारही लेखी आणि कारणासह मागून ठेवावा.

आता महागाईबद्दल. विमा ऐच्छिक असला की आजारी माणूस तो हमखास घेतो आणि निरोगी माणूस टाळतो. मग हप्ता वाढतो, वाढलेल्या हप्त्यामुळे आणखी निरोगी माणसे बाहेर पडतात आणि हप्ता पुन्हा वाढतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, वयस्कर लोकांना आरोग्य विमा मिळणे इतके अवघड का होते, हे याच तर्काने समजावले होते. कंपनीने सर्वांना घ्यावे एवढाच कायदा करूनही भागत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून आजाऱ्यांना नाकारण्यास आणि त्यांच्याकडून जास्त हप्ता घेण्यास बंदी केली, परंतु निरोगी लोकांना विम्यात आणण्याची तरतूद नव्हती, आणि वैयक्तिक विम्याचे हप्ते चढत गेले. नेदरलँड्सने २००६ साली तिन्ही गोष्टी एकत्र केल्या : मूलभूत विमा सर्वांना सक्तीचा, कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही, आणि ज्या कंपनीकडे आजारी माणसे जास्त तिला सामाईक निधीतून भरपाई मिळते. तेव्हा तुम्हाला सांगितलेला दीडपट हप्ता ही तुमच्या शरीराची किंमत आहे असे मुळीच समजू नका. निरोगी आणि आजारी माणसांना एकाच हिशेबात बसवायचे की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, आणि तुम्हाला मिळालेला आकडा हा त्या निर्णयाचा परिणाम आहे.

सांजपक्षी

मी टाइप-१ मधुमेहासह राहते, त्यामुळे या गणितातून मी दर नूतनीकरणाला जाते. केवळ हप्त्यांची तुलना करू नका, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. साधारण वर्षात तुमच्या खिशातून एकूण किती जाईल आणि एखाद्या फार वाईट वर्षात किती जाईल, हे दोन आकडे प्रत्येक पॉलिसीसाठी कागदावर मांडा.

समजा, साधारण हप्ता वर्षाला १०० आहे आणि रुग्णालयाचे एक मोठे बिल १,००० चे आहे. दुसऱ्या प्रस्तावात तुम्ही दर वर्षी ५० जास्त भराल, म्हणजे पाच वर्षांत २५०. तिसऱ्या प्रस्तावात त्या काळात एकदाच दाखल व्हावे लागले तर तुमचा वाटा ३००, आणि दोनदा झाले तर ६००. यावरून दुसरा प्रस्ताव बरा वाटतो. पण पहिल्या तीन वर्षांत आमवातामुळेच दाखल व्हावे लागले, तर दुसऱ्यात पूर्ण १,००० तुमचेच. याउलट अपेंडिक्स किंवा अपघात झाला, तर दुसरी पॉलिसी पूर्ण पैसे देते आणि तिसरीतले ३० टक्के तिथेही सुटत नाहीत. म्हणून दोन्हीकडे एकेक प्रश्न विचारा. तिसऱ्या कंपनीला विचारा की माझ्या वाट्याला वर्षाची काही कमाल मर्यादा आहे का. ती नसेल, तर मोठ्या आजारात ३० टक्के म्हणजे घर विकायला लावणारी रक्कम होऊ शकते. दुसऱ्या कंपनीला विचारा की प्रतीक्षा केवळ आमवातापुरती आहे, की ‘त्याच्याशी संबंधित गुंतागुंत’ असे शब्दही त्यात आहेत. आमवाताच्या औषधांमुळे झालेला न्यूमोनिया ‘संबंधित’ ठरतो की नाही, यावर पुढे मोठा वाद होऊ शकतो.

खोलीभाड्याची मर्यादाही बघा. मर्यादा दिवसाला ५ असताना तुम्ही १० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत केवळ भाड्यातला फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो. दाखल होतानाच्या गडबडीत खोली नातेवाईक निवडतात, म्हणून घरच्यांना ही मर्यादा आधीच सांगून ठेवा.

माझ्या आजारात जवळजवळ सगळा खर्च रुग्णालयाबाहेरचा आहे : इन्सुलिन, पट्ट्या, तपासण्या, डॉक्टरांची फी. फक्त दाखल झाल्यावर पैसे देणारी पॉलिसी यातले काहीच देत नाही. त्यामुळे नेहमीच्या खर्चासाठी मी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकते आणि विम्याकडून मोठ्या बिलाचीच अपेक्षा ठेवते. त्यासाठी जास्त डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) असलेला टॉप-अप, म्हणजे त्या रकमेच्या वरचाच खर्च देणारी पॉलिसी, बऱ्याचदा स्वस्त पडतो, कारण ठरावीक रकमेपर्यंतचा भार तुम्ही स्वतः उचलता.

पाऊलवाट

इतका हप्ता, शिवाय प्रतीक्षा आणि वाटा, हे सगळे पाहता विमा न घेता तीच रक्कम दरमहा बँकेत साठवणे अधिक शहाणपणाचे नाही का? प्रामाणिकपणे विचारतो आहे.

सांजपक्षी

पाऊलवाट, साठवणूक हवीच, पण ती विम्याची जागा घेऊ शकत नाही. मोठे आजारपण बचत पुरेशी होईपर्यंत थांबेल, याची खात्री कोण देणार? शिवाय प्रतीक्षा कालावधीचे घड्याळ पॉलिसी सुरू झाल्यावरच चालू होते. आज टाळले, तर पाच वर्षांनी वय वाढलेले असेल, आजारही कदाचित पुढे गेलेला असेल आणि प्रतीक्षा पुन्हा शून्यापासून मोजावी लागेल.

मोरपीस

मी रुग्णांना क्लेमच्या कागदपत्रांत मदत करते. रानजाई ताई, त्या एजंटाचा सल्ला तुम्ही मानला नाहीत, हे फार चांगले केलेत. विमा करार परम विश्वासावर उभा असतो. विचारलेली माहिती दडवली, तर कंपनी क्लेम नाकारून पॉलिसीही रद्द करू शकते, आणि हे कळते ते नेमके रुग्णालयात असताना. भारतात २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. ही तरतूद अनवधानाने काही राहून गेलेल्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. जाणूनबुजून लपवलेल्या आजारासाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. भरू दिलात, तरी ओळ न् ओळ वाचून मगच सही करा आणि प्रत जवळ ठेवा.

खरे सांगणाऱ्यांचेही क्लेम अडतात, आणि त्याचे एक कारण मी वारंवार पाहते. दाखल होताना रात्रपाळीचे निवासी डॉक्टर घाईने विचारतात, ‘त्रास कधीपासून?’ दमलेला नातेवाईक सांगतो, ‘असेल की दहा वर्षांपासून.’ केसपेपरवर तेवढेच उतरते आणि तिथून डिस्चार्ज समरीत जाते. निदान प्रत्यक्षात चार वर्षांपूर्वीचे असते, पॉलिसी पाच वर्षांपूर्वीची असते, आणि कंपनी त्या एका ओळीवर बोट ठेवते. म्हणून निदानाची तारीख, पहिले प्रिस्क्रिप्शन आणि पहिला अहवाल एका पाकिटात ठेवा आणि समरी हाती पडताच घरी जाण्यापूर्वी वाचा. चूक असेल तर त्याच डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या. महिन्याभराने केलेल्या दुरुस्तीकडे संशयाने पाहिले जाते.

नोकरी अजून सुटलेली नाही, ही तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. भारतात समूह विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तोवर भरलेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळू शकते. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता तिथे ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे तुमचा समूह विमा तितका जुना असेल तर प्रतीक्षा उरणारही नाही. राजीनाम्याच्या आधीच मनुष्यबळ विभागाकडून विमा किती काळ सलग होता, याचे पत्र मिळवा. देश बदलला तर नियम बदलतील, पण मुदतीचे महत्त्व तसेच राहील. अमेरिकेत २०१४ पासून आधीच्या आजारामुळे नियमित पॉलिसी नाकारता येत नाही की हप्ता वाढवता येत नाही, मात्र नोकरीचा विमा संपल्यावर बाजारातली पॉलिसी घेण्यासाठी ६० दिवसांची खास मुदत असते आणि ती चुकली तर बहुधा वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. ऑस्ट्रेलियात आधीच्या आजारासाठी खाजगी रुग्णालय विम्याची प्रतीक्षा जास्तीत जास्त १२ महिने असते. जर्मनीत सार्वजनिक विम्याचा हप्ता उत्पन्नावर ठरतो, आजारावर नाही, आणि दीर्घकालीन आजार असलेल्यांनी औषधोपचारांत भरायच्या वाट्यावर वार्षिक उत्पन्नाच्या १ टक्क्याची मर्यादा असते. तिथला खाजगी विमा मात्र प्रकृती तपासूनच मिळतो.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. चौथा मार्ग, म्हणजे चालू समूह विम्यातूनच वैयक्तिक पॉलिसीत जाणे, मला ठाऊकच नव्हता. मनुष्यबळ विभागाला आजच पत्र लिहिते आहे. तो मार्ग बंद निघाला, तर दुसऱ्या प्रस्तावाचा विचार करीन, कारण तिसऱ्या कंपनीने वाट्याला कमाल मर्यादा नाही, असे फोनवर सांगितले. आता एकच शंका उरते. बायॉलॉजिक औषध रुग्णालयात सलाइनमधून देता येते किंवा घरी स्वतः पेनने टोचता येते. माझ्या डॉक्टरांच्या मते दोन्ही पर्याय चालतील. विम्याच्या दृष्टीने यात फरक पडतो का?

मोरपीस

फार मोठा फरक पडतो. रुग्णालयातील सलाइन अनेक पॉलिसींत डे-केअर (रुग्णालयात घेऊन त्याच दिवशी घरी जाता येणारा) उपचार म्हणून बसते, तर घरी टोचलेले पेन हे बाहेरून घेतलेले औषध मानले जाते आणि बाह्यरुग्ण खर्चाचे संरक्षण नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. पण डे-केअरच्या यादीत तुमचे औषध किंवा त्याचा गट आहे का, बायॉलॉजिक उपचारांसाठी वेगळी उपमर्यादा आहे का आणि समूह विम्यातून आल्यावर ती बदलते का, हे तिन्ही प्रश्न औषधाचे नाव लिहून ईमेलने विचारा. फोनवरचे उत्तर क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही; तिसऱ्या कंपनीचेही लेखीच घ्या. उत्तर येईपर्यंत कोणता पर्याय घ्यायचा, हे डॉक्टरांना पक्के सांगू नका, कारण एकदा पेन सुरू करून मग केवळ क्लेमसाठी सलाइनकडे वळलात, तर त्याचे वैद्यकीय कारण तुमच्याकडे मागितले जाईल.