तान दुन यांच्या गुरूंविषयी

चिनी-अमेरिकी संगीतकार तान दुन यांच्या संगीतातील चिनी अंशाची जी चर्चा झाली, तीत कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू चाउ वेन-चुंग (१९२३–२०१९) यांचा उल्लेख राहून गेला, तो करणे मला अगत्याचे वाटते. चीनमधील यानताय शहरात जन्मलेले चाउ १९४६ साली येल विद्यापीठाची स्थापत्यशास्त्राची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत आले आणि ती सोडून बॉस्टनला संगीत शिकू लागले. चिनी चालींवर रचलेले फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक गुंफणारा पाश्चात्त्य रचनाप्रकार) त्यांनी संगीतकार मार्टिनू यांना दाखवले, तेव्हा पियानोवर थोडेसे वाजवून मार्टिनू थांबले आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘का?’ चाउ यांच्यापाशी उत्तर नव्हते.

पाश्चात्त्य साच्यात चिनी चाल ओतली म्हणजे संगम होत नाही, हे माझ्या मते त्या एका शब्दाने त्यांना उमगले. पुढे ते छिन या सात तारांच्या प्राचीन वाद्याच्या अभ्यासाकडे वळले, ज्यात तारेवरच्या बोटाच्या सरकण्याने आणि कंपनाने एकेक स्वर आपला रंग पालटत राहतो. संगीतकार एडगार व्हारेझ यांच्याकडेही ते शिकले, आणि व्हारेझ यांच्या मृत्यूनंतर त्यांची अपुरी रचना चाउ यांनीच पूर्ण केली. चेन यी आणि जो लुंग हे संगीतकारही चाउ यांचेच विद्यार्थी.