मखराचे एचडीआर फोटो आणि हरवलेलं प्रोफाइल (ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-३०४: मखराच्या फायनल फाइल ड्राइव्हवर टाकल्यात. टोन मॅपिंग (उजेड-सावलीचा मोठा पल्ला पडद्यावर मावेल असा दाबणं) ठीक आहे, पण ब्राउझरमध्ये झेंडू मातकट दिसतोय. कमी-जास्त उजेडाचे जोडलेले मूळ तिन्ही जेपेग ॲडोबी आरजीबीत (रंगांचा पल्ला मोठा असलेल्या रंगपद्धतीत) होते.

ए-७०२: मधली, तिन्ही जोडलेली फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलीत ताई?

बी-३०४: रेडियन्स, डॉट एचडीआरवाली.

ए-७०२: मग प्रोफाइल, म्हणजे आकडे कुठल्या रंगपद्धतीतले हे सांगणारी चिठ्ठी, तिथेच गळलं. त्या फॉरमॅटला आयसीसी प्रोफाइल ठेवायची सोयच नाही. आकडे ॲडोबी आरजीबीचेच राहिले, पण त्यावरची चिठ्ठी गेली. ब्राउझर ते एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगपद्धत) धरतो. एसआरजीबीचा पल्ला लहान, म्हणून तेच आकडे फिके दिसतात. पुढच्या वेळी ३२ बिट फ्लोट टिफ ठेवा, त्यात प्रोफाइल राहतं.

बी-३०४: ओपनईएक्सआर हा दुसरा एचडीआर फॉरमॅट चालेल?

ए-७०२: चालेल, पण त्यातही आयसीसीऐवजी प्रायमरीजचे (मूळ लाल, हिरवा, निळा नेमके कोणते याचे) आकडे लिहायची जागा असते आणि बरीच सॉफ्टवेअर ती रिकामीच सोडतात.

सी-१०१: आहे ती फाइल वाचवता येईल. टोन मॅप केलेली १६ बिट टिफ उघडा आणि आधी *असाइन प्रोफाइल* करून ॲडोबी आरजीबी द्या. आकडे तेच राहतात, फक्त अर्थ परत मिळतो; झेंडू लगेच जागेवर येईल. *कन्व्हर्ट टू प्रोफाइल*ने एसआरजीबी त्यानंतर. थेट कन्व्हर्ट केलंत तर फिका रंगच खरा मानला जाईल. सावलीत किंचित फरक उरला तर कर्व्हने सावरा.

सी-१०१: कन्व्हर्ट करताना झेंडू २००% झूमवर बघा. केशरीत लाल चॅनेल २५५ ला (कमाल आकड्याला) टेकला की पाकळ्यांच्या कडा मिटतात आणि नुसता गोळा उरतो. आधी केशरीचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पर्सेप्च्युअल (पल्ल्याबाहेरचे रंग कापण्याऐवजी सगळेच थोडे आत ओढणारी पद्धत) निवडून फायदा नाही, नेहमीचं एसआरजीबी प्रोफाइल मॅट्रिक्सवालं (साध्या गणिताचं, रंगांचे तक्ते नसलेलं) असल्यामुळे ते कलरिमेट्रिकच वागतं, म्हणजे बाहेरचे रंग कापतंच.

बी-३०४: विसर्जनाआधी पुन्हा काढायचे तर?

ए-७०२: रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. कॅमेऱ्यातली ॲडोबी/एसआरजीबी निवड फक्त जेपेगला लागते, रॉला नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, आणि बदलायचं ते फक्त शटर: १/५०, १/१३, ०.३ सेकंद. एलईडी माळा आहेत, १/१०० पेक्षा जलद गेलात की पट्टे येतात. व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये हाताने लावा. ऑटोवर तीन फ्रेमला तीन छटा येतात, आणि मर्ज केल्यावर समईच्या ज्योतीभोवती हिरवट कड दिसते.

सी-१०१: तिन्ही रॉ डेव्हलप करताना प्रोफाइल एकच ठेवा. प्रोफोटो (ॲडोबी आरजीबीहूनही मोठ्या पल्ल्याचं) घेतलंत तर शेवटपर्यंत १६ बिट. ८ बिटमध्ये मागच्या पडद्यावर रंगाच्या पायऱ्या पडतात.

बी-३०४: कॅलेंडरसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करून देऊ का?

ए-७०२: नको. प्रेसवाल्याला त्याच्या कागदाचं प्रोफाइल विचारा, ते मिळेपर्यंत प्रोफाइल एम्बेड केलेली १६ बिट टिफच द्या. आणि इथे ग्रुपवर टाकाल ती एसआरजीबी जेपेग, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून टाकली की ॲप ती पुन्हा दाबतं.